लहान मंच आणि मोठा कायदा

मार्च २०२५ मध्ये ब्रिटनमधील एक लहानसा चर्चामंच बंद झाला. त्या मंचावर राजकारण चालत नसे, धर्माचे वाद होत नसत. हॅमस्टर नावाचा, उंदरासारखा, मुठीत मावेल एवढा एक प्राणी पाश्चात्य देशांत हौसेने पाळला जातो. त्याला काय खाऊ घालावे, त्याचा पिंजरा केवढा असावा, तो आजारी पडल्यास प्रथम काय करावे, अशा प्रश्नांचा ऊहापोह करण्यासाठी काही प्राणिप्रेमी मंडळी इंटरनेटवर एकत्र येत असत. त्यांच्या या जागेचे नावही तिच्या कार्यासारखेच साधे होते: ‘द हॅमस्टर फोरम’. हा मंच बंद होण्यास कारण झाला तो ब्रिटिश पार्लमेंटने २०२३ साली संमत केलेला ‘ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट’, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षिततेचा अधिनियम. दहशतवादाचा प्रचार, बालकांचे लैंगिक शोषण, आत्मघातास चिथावणी यांसारख्या घोर गोष्टींना आळा घालण्यासाठी हा कायदा झाला. त्याच्या धाकाने पाळीव प्राण्यांविषयीची चर्चा बंद पडावी, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु या घटनेच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोठ्यांसाठी केलेला कायदा लहानांना कसा लागू करावा, हा राज्यकारभारातील जुनाच प्रश्न नव्या वेषात येथे उभा राहिला आहे.

चर्चामंच म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फार विस्ताराने सांगण्याची गरज नाही. फेसबुकसारखी माध्यमे घरोघरी पोचण्यापूर्वीच ‘मायबोली’, ‘मनोगत’ यांसारख्या संकेतस्थळांवर देशोदेशींची मराठी माणसे एकमेकांशी बोलू लागली होती. पाककृतींपासून शुद्धलेखनापर्यंत नाना विषयांवरील तेथील चर्चा कित्येकांनी वाचल्या असतील, कित्येकांनी त्यांत भागही घेतला असेल. जगातील बहुतेक भाषांत असे मंच आहेत. कोठे जुन्या मोटारी दुरुस्त करणारे जमतात, कोठे मधमाश्या पाळणारे, कोठे एखाद्या दुर्मीळ व्याधीने ग्रस्त झालेले रुग्ण आणि त्यांचे आप्त.

यांतील पुष्कळसे मंच कोणा एका उत्साही व्यक्तीने उभे केलेले असतात. संगणकावरील जागा ती स्वतःच्या खर्चाने भाड्याने घेते, मोफत मिळणारी आज्ञावली तीवर बसवते आणि दिवसाची नोकरी आटोपून रात्री मंचाची व्यवस्था पाहते. तिच्या जोडीला चार-दोन जुने सभासद असतात. कोणी जाहिरातींचा कचरा घुसवला तर तो काढून टाकणे, भांडण विकोपास गेल्यास दोघांनाही गप्प करणे, नवख्याला योग्य धाग्याकडे वळवणे, ही कामे ते विनावेतन करतात. गावातील वाचनालय जसे दोन-तीन माणसांच्या पदरमोडीवर वर्षानुवर्षे चालते, तसाच हा प्रकार होय. मात्र या मंचांचे एक वैशिष्ट्य असे की, तेथील बोलणे वाऱ्यावर जात नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका अनोळखी माणसाने दुसऱ्याला दिलेले उत्तर आज तिसऱ्याच्या उपयोगी पडते. मोठ्या समाजमाध्यमांवरील मजकूर प्रवाहासारखा वाहून जातो. या लहान मंचांवरील मजकूर विहिरीतल्या पाण्यासारखा साठत राहतो.

आता कायद्याकडे वळू. इंटरनेटच्या पहिल्या पंचवीस वर्षांत पाश्चात्य देशांचे धोरण साधारणतः सौम्य होते. अमेरिकेने १९९६ साली केलेल्या कायद्याच्या २३० व्या कलमाने असे ठरवले की, एखाद्या संकेतस्थळावर तिऱ्हाइताने लिहिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या चालकाला त्या मजकुराचा प्रकाशक समजू नये. युरोपीय संघाने २००० साली जे धोरण स्वीकारले, त्यानुसार बेकायदा मजकुराची माहिती नसेपर्यंत तो साठवणारा दोषी धरला जात नसे. माहिती झाल्यावर मात्र त्याने तो त्वरेने काढणे अवश्य असे. ब्रिटनमध्येही हेच तत्त्व चालत आले. पत्रातील मजकुरासाठी टपालखात्याला कोणी जबाबदार धरीत नाही, अशीच काहीशी ही विचारसरणी होती.

परंतु टपालखाते पत्रे निवडून देत नाही. कोणते पत्र कोणाच्या हाती पडल्यास तो अधिक वेळ वाचत बसेल, याचा हिशेब ते करीत नाही. मोठी समाजमाध्यमे नेमके हेच करू लागली आणि जुना दृष्टान्त अपुरा ठरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॉली रसेल या चौदा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. आत्मपीडा आणि आत्महत्या यांविषयीचा विपुल मजकूर इन्स्टाग्राम व पिंटरेस्ट या माध्यमांवरून तिच्यापर्यंत पोचत राहिला होता. त्यांतील काही तर तिने न मागताच तिच्यापुढे मांडला गेला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशीचा निष्कर्ष देताना, नैराश्याबरोबरच इंटरनेटवरील मजकुराचे दुष्परिणामही तिच्या मृत्यूस अल्पांशाहून अधिक प्रमाणात कारणीभूत झाले, असे चौकशी अधिकाऱ्यांनी नमूद केले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटिश सरकारने या विषयावर श्वेतपत्रिका काढली होती. तिच्यापासून निघालेला विचार चार वर्षांहून अधिक काळ वादविवादांतून जाऊन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी राजसंमती मिळून कायदा झाला. मॉलीसारख्या मुलांच्या आईबापांचे दुःख या कायद्यामागे आहे, हे विसरून त्याची चिकित्सा करणे न्यायाचे होणार नाही.

या अधिनियमाची मध्यवर्ती कल्पना अशी आहे की, माणसांनी माणसांशी बोलावे अशी सोय जो उपलब्ध करून देतो, त्याने त्या सोयीतून उद्भवू शकणाऱ्या अपायाचा आधीच विचार केला पाहिजे. एखादा वाईट मजकूर नजरेस आल्यावर काढला, एवढ्याने भागत नाही. तो येऊ नये आणि आलाच तर टिकू नये, अशी व्यवस्था असली पाहिजे. कायद्याच्या अंमलबजावणीचे काम ‘ऑफकॉम’ या संस्थेकडे आहे. ब्रिटनमधील आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी यांचे नियंत्रण पूर्वीपासून तिच्याकडेच होते. या कायद्याच्या कक्षेत एक लाखाहून अधिक सेवा येतील, असा तिचा अंदाज आहे. ही संख्याच पुष्कळ सांगून जाते. कारण जगातील बड्या समाजमाध्यमांची नावे बोटांवर मोजता येतात. उरलेल्यांत मध्यम आणि लहान अशा सर्व प्रकारच्या सेवा आल्या, आणि त्यांतच स्वयंसेवकांचे मंचही आले. विजेची टपालसेवा, कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या सोयी आणि लेखाखाली केवळ अभिप्राय नोंदवण्याची सोय यांना कायद्याने वगळले आहे. परंतु सभासदांनी आपसांत नवा विषय काढून बोलावे, अशी जागा असली की ती कायद्याच्या कक्षेत आली. मग तेथे दहा माणसे बोलोत वा दहा कोटी.

अशा प्रत्येक सेवेने प्रथम बेकायदा मजकुराच्या जोखमीचे मूल्यमापन लेखी करावयाचे असते. ऑफकॉमने यासाठी अपायांचे सतरा प्रकार सांगितले आहेत. दहशतवाद, बालकांचे लैंगिक शोषण, द्वेषमूलक अपराध, छळ आणि धमक्या, अमली पदार्थांची व शस्त्रांची विक्री, फसवणूक हे त्यांतील काही होत. यांतील प्रत्येक प्रकार आपल्या मंचावर घडण्याचा संभव किती आणि घडल्यास परिणाम किती गंभीर, हे चालकाने ठरवून कारणांसह लिहून ठेवावयाचे. या कामाची मुदत १६ मार्च २०२५ ही होती. दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्ये अमलात आली. पाठोपाठ, आपल्या मंचावर अल्पवयीन मुले येण्याचा संभव आहे काय, याचेही मूल्यमापन करावयाचे होते आणि मुलांच्या संरक्षणाविषयीची कर्तव्ये २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. हे काम एकदा करून संपत नाही. मूल्यमापनाचा फेरविचार वर्षातून निदान एकदा करावा, तसेच मंचाच्या रचनेत महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी ते नव्याने करावे, अशी अपेक्षा आहे.

येथे नियंत्रक संस्थेची बाजूही नीट मांडली पाहिजे. ज्याची जोखीम अल्प आहे अशा लहान सेवेकडून तिची मागणी मोजकीच आहे. अनुपालनासाठी एक जबाबदार व्यक्ती ठरलेली असावी. बेकायदा मजकूर कळताच तो त्वरित काढण्याची व्यवस्था असावी. तक्रार करण्याचा मार्ग सुलभ असावा. आणि मंचाचे नियम सुबोध भाषेत लिहिलेले असावेत. चांगल्या मंचांवर यांतील बहुतेक गोष्टी पूर्वीपासूनच होत्या. वयाची खातरजमा करण्याची जी सक्ती बरीच गाजली, तीही सरसकट सर्वांना नाही. अश्लील मजकूर अथवा आत्मघातास, आत्मपीडेस उत्तेजन देणारा मजकूर यांना ज्यांनी आपल्या नियमांनीच मज्जाव केला आहे आणि तो मज्जाव जे पाळतात, अशा सेवांना प्रत्येक सभासदाचे ओळखपत्र तपासत बसावे लागत नाही. लहान चालकांसाठी ऑफकॉमने इंटरनेटवर पायरीपायरीने मार्गदर्शन करणारे साधनही उपलब्ध केले. शिवाय, संस्थेच्या आचारसंहितेत सांगितलेले उपाय जो योजील, त्याने त्या बाबतीतील आपले कर्तव्य पार पाडले असे समजावे, अशी तरतूद खुद्द कायद्यातच आहे.

मग मंच बंद का झाले? याचे उत्तर कामाच्या प्रमाणात जितके आहे, त्याहून अधिक ते जबाबदारीच्या स्वरूपात आहे. कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जागतिक महसुलाच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती, अशी आहे. या वाक्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अब्जावधींचा महसूल असणाऱ्या कंपनीच्या बाबतीत दंडाची मर्यादा तिच्या महसुलाशी प्रमाण राखते. परंतु ज्याचा महसूल अठरा कोटी पौंडांहून कमी आहे, त्या प्रत्येकाची मर्यादा एकच राहते. आणि ज्याचा महसूल शून्य आहे, त्याचीही तीच. मोठ्यांसाठी जे प्रमाण आहे, ते लहानांपाशी येऊन थांबते. नियंत्रक संस्था एवढा दंड लहान मंचाला ठोठावणार नाही, तो प्रमाणशीरच असेल, असे तिने पुनःपुन्हा सांगितले आहे आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तथापि आश्वासन आणि अधिकार यांत अंतर असते. जो अधिकार वापरला जाणार नाही असे सांगितले जाते, तो नियमात लिहिलेला असतोच. आणि मंच चालवणारी व्यक्ती ही बहुधा कंपनी नसते. कंपनी बुडाली तर भागधारकांचे भांडवल जाते. व्यक्तीवर दंड झाला तर तिचे राहते घर धोक्यात येते.

दुसरे कारण प्रशासनाचा अनुभव असलेल्यांना सहज पटेल. प्रत्येक नमुना, प्रत्येक विवरणपत्र तयार करताना ते भरणाऱ्याची एक प्रतिमा ते करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते. या कायद्यापुढे जी प्रतिमा होती, ती कायदेविभाग, अनुपालन अधिकारी आणि तांत्रिक कर्मचारी पदरी बाळगणाऱ्या संस्थेची. अशा संस्थेत शेकडो पृष्ठांची मार्गदर्शिका आली की ती वाचण्यासाठी एक माणूस नेमला जातो. स्वयंसेवकाच्या घरी ती मार्गदर्शिका वाचणारा, तिचा अर्थ लावणारा, मूल्यमापन लिहिणारा आणि रात्री जाहिरातींचा कचरा काढणारा माणूस एकच असतो. त्यातून, एखादा मजकूर बेकायदा आहे काय, हे ठरवण्याचे कामही त्याच्याच शिरी येते. वैफल्यग्रस्त माणूस आपले दुःख सांगत आहे की दुसऱ्याला आत्मघाताकडे ओढत आहे, हा निर्णय अनुभवी मानसतज्ज्ञालाही एका वाचनात करता येत नाही. तो हौशी मंचचालकाने त्वरेने करावा, अशी अपेक्षा येथे निर्माण होते. अशा वेळी दोनच सोपे मार्ग उरतात. शंका येईल ते सर्व काढून टाकणे हा एक; सगळेच बंद करणे हा दुसरा.

डिसेंबर २०२४ मध्ये लंडनमधील सायकलस्वारांचा एक जुना आणि गजबजलेला मंच याच वळणावर आला. एका गतीच्या, गिअर नसलेल्या सायकलींच्या शौकिनांचा हा मंच होता. परंतु वर्षानुवर्षांच्या सहवासाने तेथे मैत्री जमल्या होत्या, अडल्यानडल्यास एकमेकांना मदत होत होती. तो चालवणारी व्यक्ती स्वयंसेवेने सुमारे तीनशे लहान मंचांना जागा पुरवत असे. हे सर्व कायद्याच्या मुदतीच्या दिवशी बंद करण्याचा निर्णय तिने जाहीर केला. वैयक्तिक जबाबदारीचा हा भार एकट्या माणसाला पेलणारा नाही, हे तिचे कारण होते. पुढे सभासदांपैकी इतरांनी भार उचलण्याची तयारी दाखवली आणि सायकलस्वारांची ही जागा वाचली. सर्वांचे दैव तसे नव्हते. एकाकी बापांना मुलांच्या संगोपनाविषयी एकमेकांचा आधार देणारा एक मंच या काळात बंद झाला. पर्यावरणस्नेही राहणीविषयीचा आणखी एक बंद झाला. ब्रिटनबाहेरील काही लहान मंचांनी ब्रिटिश वाचकांनाच दार लावून घेतले. कारण कायद्याचे हात देशाच्या सीमेवर थांबत नाहीत. जेथे ब्रिटनमधील वापरणाऱ्यांची संख्या ‘लक्षणीय’ आहे, तेथे तो लागू होतो, आणि लक्षणीय म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात दिलेला नाही. लंडन अथवा मँचेस्टर येथील मराठी कुटुंबे ज्या मंचावर येतात, तो मंच पुण्यातून किंवा अमेरिकेतून चालवणाऱ्यालाही हा प्रश्न स्वतःला विचारणे भाग आहे.

येथवरचे विवेचन वाचून, लहान मंचांना कायद्यातून सरसकट वगळावे हाच उपाय होय, असे कोणासही वाटेल. पण लहानपण म्हणजे निष्पापपण नव्हे. ऑफकॉमने या कायद्याखालील आपली पहिली चौकशी एप्रिल २०२५ मध्ये सुरू केली, ती कोणा बड्या कंपनीची नव्हती. आत्महत्येविषयी चर्चा चालणाऱ्या एका मंचाची ती होती. असा मंच आकाराने लहान असतो, परंतु जो एक हताश तरुण तेथे पोचतो त्याच्या दृष्टीने त्याहून मोठा धोका जगात दुसरा नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘फोरचॅन’ या अमेरिकन मंचाला, मागितलेली माहिती न दिल्याबद्दल, वीस हजार पौंडांचा दंड झाला. हाही सिलिकॉन व्हॅलीतील महाकाय माध्यमांपैकी नव्हे.

लहान परंतु घातक अशा या सेवांचे काय करावे, यावर पार्लमेंटमध्येही बराच खल झाला. सर्व सेवांना लागू असलेल्या मूळ कर्तव्यांखेरीज आणखी काही कडक कर्तव्ये कायद्याने निवडक सेवांवर घातली आहेत. ती केवळ आकारावरून लावावीत की धोक्यावरूनही, हा वाद होता. जुलै २०२३ मध्ये उमराव सभेने केलेल्या दुरुस्तीमुळे केवळ धोक्यावरूनही तसे वर्गीकरण करण्यास वाट मोकळी झाली. तथापि २०२५ च्या आरंभी सरकारने केलेल्या नियमांत सर्वांत कडक वर्गासाठी वापरणाऱ्यांची संख्या किमान कित्येक लाखांच्या घरातच ठेवण्यात आली. परिणाम विलक्षण झाला. निरुपद्रवी मंचांचे चालक म्हणू लागले की कायदा लहानांना चिरडतो. आणि मुले गमावलेली कुटुंबे म्हणू लागली की कायदा लहानांना मोकळे सोडतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण दोघांच्या डोळ्यांपुढील ‘लहान’ निराळे आहेत.

आकार हा मोजण्यास सोपा, म्हणून प्रशासनाला प्रिय असतो. युरोपीय संघाच्या ‘डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट’ने हाच मार्ग अधिक सुटसुटीतपणे स्वीकारला. पन्नासांहून कमी कर्मचारी आणि एक कोटी युरोपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगांना त्यातील पुष्कळशा कर्तव्यांतून सूट आहे. ज्यांचे युरोपातील वापरणारे साडेचार कोटींहून अधिक आहेत, त्यांच्यावर सर्वाधिक भार आहे. भारतातील २०२१ च्या नियमांनीही पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची रेघ ओढून तिच्या पलीकडील माध्यमांवर जादा कर्तव्ये घातली. रेघेच्या अलीकडचे मात्र सर्वस्वी मोकळे नाहीत. आपले नियम प्रसिद्ध करणे, तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करणे, ही किमान कर्तव्ये लहान मंचालाही आहेत. मात्र केवळ आकाराचा निकष लावल्यास आत्महत्येस उत्तेजन देणारा मंच सैल सुटतो. धोका हाच निकष धरावा, तर धोका नाही हे सिद्ध करण्याचा भार निरुपद्रवी माणसावर पडतो. आणि निव्वळ मोठेपण म्हणजे अपप्रवृत्ती, असे समजणेही चुकीचेच. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या विकिपीडियाला सर्वांत कडक वर्गात टाकले जाईल, या भीतीने तिच्या पालक संस्थेने लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. स्वयंसेवकांच्या ओळखीची पडताळणी करण्याची पाळी आली तर त्यांची सुरक्षितताच धोक्यात येईल, असे तिचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. परंतु विकिपीडियाच्या कार्यात मोठा अडथळा येईल अशा रीतीने कायदा राबवण्यास ही अनुमती नव्हे, असेही त्याच निकालात बजावले.

या सर्वांतून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, आकार आणि धोका यांपैकी एकाच मापाने काम भागणार नाही. दोन्ही एकत्र पाहावी लागतील, आणि मंचाचा पूर्वेतिहासही पाहावा लागेल. वर्षानुवर्षे जेथे एकही गंभीर तक्रार नाही, अशा मंचावर सतरा अपायांचे सविस्तर मूल्यमापन लिहिण्याची सक्ती करण्याऐवजी, त्याच्याकडून एका पानाचे निवेदन घेणे पुरेसे ठरू शकते. दुसरी, लहान माणसाला सवलतीपेक्षा निश्चिती अधिक मोलाची असते. एवढे केले म्हणजे पुरे, हे त्याला आधी आणि असंदिग्ध शब्दांत कळले, तर तो ते आनंदाने करील. तिसरी, ज्याला या कामातून एक पैसाही मिळत नाही, त्याला दंडापूर्वी ताकीद आणि सुधारण्यास अवधी मिळण्याचा हक्क कायद्यातच लिहून ठेवला पाहिजे. तो अधिकाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोडणे इष्ट नव्हे. यांतील कोणतीही गोष्ट मुलांच्या संरक्षणाच्या आड येत नाही. उलट, नियंत्रकाचे मर्यादित मनुष्यबळ खऱ्या धोक्याकडे वळण्यास तिने मदतच होईल.

कायद्याच्या यशापयशाचा हिशेब मांडताना किती चौकशा झाल्या, किती दंड वसूल झाले, किती घातक जागा बंद पडल्या, याचे आकडे अहवालात येतात. ते यावेतच. परंतु जो माणूस भीतीने अथवा थकव्याने आपण होऊन बाजूला झाला, त्याची नोंद कोणत्याही नस्तीत होत नाही. त्याने अपराध केलेला नसतो, त्याला नोटीस गेलेली नसते, त्याच्याविरुद्ध तक्रारही नसते. एका संध्याकाळी तो सभासदांचा निरोप घेतो आणि संगणकावरील भाड्याची जागा सोडून देतो, एवढेच.

हॅमस्टर पाळणाऱ्यांच्या त्या मंचानेही असाच निरोप घेतला. आणि निरोप घेताना आपल्या सभासदांना पुढील भेटीगाठींसाठी इन्स्टाग्रामकडे जाण्यास सांगितले. ज्या माध्यमांवरील मजकुराने मॉली रसेलच्या आईबापांना न्यायासाठी पाच वर्षे झगडावे लागले, त्यांतीलच हे एक. लहान जागा मोडल्या तर माणसे बोलायची थांबत नाहीत. ती मोठ्या जागेत जातात. मुलांना ज्या बाजारापासून सांभाळावे म्हणून हा कायदा झाला, त्याच बाजारात नवी गिऱ्हाइके त्याच्या हातून जाऊ नयेत, एवढी काळजी कायदा करणाऱ्यांनी आणि तो राबवणाऱ्यांनी घेतली पाहिजे.